यंत्र थांबले, तरी काम थांबू नये



घोड नदीवरील डिंभे धरणाच्या जलाशयात ज्या गावांच्या जमिनी व घरे गेली, त्यांत खुद्द आंबेगाव हे गावही होते. तालुक्याला ज्याचे नाव मिळाले ते जुने गाव पाण्याखाली गेले; तालुक्याचे नाव मात्र आंबेगावच राहिले आणि त्याचा कारभार घोडेगावातून चालतो. अशा प्रदेशात कागदाचे मोल काय असते, हे निराळे सांगावयास नको. ज्याचे शेत डोळ्यांसमोर आहे, त्याला बांध दाखविता येतो. ज्याचे शेत जलाशयाच्या तळाशी आहे, त्याच्या हाती भूसंपादनाचा निवाडा, प्रकल्पग्रस्ताचा दाखला आणि पुनर्वसनात मिळालेल्या जमिनीचा सातबारा एवढेच उरते.

हा सातबारा आता तलाठ्याच्या दप्तरापुरता राहिलेला नाही. 1 मे 2018 पासून राज्यात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. फेरफार, दाखले, शिष्यवृत्ती, पीक विमा, निवृत्तिवेतन अशा असंख्य कामांची नोंद संगणकावर होते. सोय मोठी झाली, यात शंका नाही. परंतु त्याबरोबर एक नवे वाक्यही खेड्यापाड्यांत ऐकू येऊ लागले : “सर्व्हर बंद आहे.” डोंगरातल्या वाडीवरून पहिल्या एस.टी.ने तालुक्याला आलेल्या माणसाला या तीन शब्दांची किंमत एका दिवसाच्या मजुरीइतकी पडते. आणि त्या दिवशी अर्जाची मुदत संपत असेल, तर त्याहून कितीतरी अधिक.

यंत्र आहे म्हणजे ते कधीतरी बिघडणारच. डिस्क झिजते, पंखा थांबतो, वीजपुरवठ्याचा भाग जळतो, स्मृतीच्या पट्टीत दोष निर्माण होतो. यंत्र कधीच बिघडू नये असा हट्ट धरण्यात अर्थ नाही. यंत्र बिघडले तरी त्यावरील काम चालू कसे राहील, हा खरा प्रश्न होय. संगणकशास्त्राने त्याचे जे उत्तर शोधले आहे, त्याचा विचार या व्याख्यानात करावयाचा आहे.

काम आणि यंत्र यांची फारकत

पूर्वी एक काम म्हणजे एक संगणक असा हिशेब असे. सातबाराचा एक सर्व्हर, वेतनाचा दुसरा, शिष्यवृत्तीचा तिसरा. त्यांपैकी एक बंद पडला की त्यावरील काम बंद. यातून जी वाट निघाली ती आभासी संगणकाची. ही कल्पना आजची नव्हे. आय.बी.एम. कंपनीने 1960 नंतरच्या दशकात तिच्यावर प्रयोग केले आणि 1972 साली ती आपल्या मोठ्या संगणकांसाठी बाजारात आणली. साध्या सर्व्हरांवर ती 2000 च्या सुमारास रुळली.

आभासी संगणक म्हणजे काय? एका भक्कम सर्व्हरवर ‘हायपरवायझर’ नावाची आज्ञावली बसविली जाते. ही आज्ञावली त्या एका यंत्राचे अनेक वाटे करते आणि प्रत्येक वाट्यावरील कामाला आपण स्वतंत्र संगणकावरच चालत आहोत असे भासवते. त्या कामाला खाली कोणते लोखंड आहे हे ठाऊक नसते आणि ठाऊक असण्याची गरजही नसते.

कुकडी प्रकल्पाच्या लाभक्षेत्रातील शेतकऱ्याला हे समजणे अवघड जाऊ नये. या प्रकल्पात पाच धरणे आहेत. कुकडी नदीवर माणिकडोह व येडगाव, मीना नदीवर वडज, आर नदीवर पिंपळगाव जोगे आणि घोड नदीवर डिंभे. डिंभ्याच्या डाव्या कालव्याचे पाणी येडगावच्या जलाशयात येते आणि येडगावहून कुकडीचा डावा कालवा पारनेर, श्रीगोंदा, कर्जत असे करीत करमाळ्याकडे जातो. श्रीगोंद्याच्या शेतकऱ्याच्या चारीत आलेले पाणी माणिकडोहचे की डिंभ्याचे, हे पाण्यावर लिहिलेले नसते. त्याला पाणी मिळते ते ‘कुकडीचे’. धरणे अनेक, पण शेतकऱ्यासमोर कालवा एक. आभासी संगणकाची रचना अशीच असते. सर्व्हर अनेक, पण कामासमोर संगणक एक.

यात एक अट मात्र आहे. आभासी संगणकाची डिस्क ज्या सर्व्हरवर तो चालतो त्याच्या पोटात ठेवून चालत नाही. ती सर्व सर्व्हरांना पोचता येईल अशा सामाईक साठवणीत ठेवावी लागते, किंवा तिची प्रत सतत दुसऱ्या सर्व्हरवर उतरवावी लागते. दप्तर जळत्या खोलीत कुलूपबंद असेल, तर दुसऱ्या खोलीत दुसरा कारकून बसवून उपयोग काय?

बिघाड झाल्याचे कळते कसे?

काम दुसऱ्या यंत्रावर न्यावयाचे, तर पहिले यंत्र बंद पडल्याचे आधी कळले पाहिजे. येथे एक साधी परंतु महत्त्वाची गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. जो पूर्णपणे कोसळतो, तो आपण कोसळलो हे सांगू शकत नाही.

आंबेगाव तालुक्याने ही गोष्ट अत्यंत दारुण रीतीने अनुभवली आहे. 30 जुलै 2014 च्या पहाटे डिंभे जलाशयाच्या परिसरातील माळीण गावावर डोंगराचा कडा कोसळला आणि किमान 151 माणसे मृत्युमुखी पडली. साहाय्यासाठी हाक मारावयास गावात जवळजवळ कोणी उरले नव्हते. नेहमीच्या फेरीवर गेलेल्या एस.टी. बसच्या चालकाला जेथे गाव असावयास हवे तेथे गाव दिसले नाही, आणि त्याच्याकडून ती बातमी बाहेर पोचली. मनुष्यहानीची तुलना कोणत्याही यंत्राच्या बिघाडाशी करता येणार नाही आणि तशी ती करूही नये. परंतु संकटाची वार्ता कशी पोचते, याविषयीचा धडा त्यात आहे. ती वार्ता संकटग्रस्ताच्या हाकेतून आली नाही. नेमाने जाणाऱ्याला नेहमीची खूण दिसली नाही, त्यावरून आली.

सर्व्हरांच्या समूहात हीच युक्ती योजतात. प्रत्येक सर्व्हर ठराविक अंतराने, बहुधा दर एकदोन सेकंदांनी, ‘मी चालू आहे’ असा लहानसा संदेश इतरांना पाठवितो. त्यास स्पंदन म्हणतात. ठरलेल्या अवधीत काही स्पंदने आली नाहीत, की तो सर्व्हर गेला असे धरून पुढील कारवाई सुरू होते. हा अवधी किती ठेवावा, यात तारतम्य लागते. फार कमी ठेवला तर जाळ्यातील क्षणिक अडथळ्यालाही मृत्यू समजले जाईल. फार मोठा ठेवला तर जनता तेवढा वेळ खिडकीशी ताटकळत राहील.

दोन मुखत्यारांचा धोका

स्पंदन थांबले म्हणजे सर्व्हर गेलाच, असे मात्र नव्हे. कधी सर्व्हर धडधाकट असतो आणि त्यांना जोडणारी तारच तुटलेली असते. अशा वेळी दोन्ही बाजूंना वाटते की पलीकडचा गेला, आता काम आपणच चालवावे. मग एकाच आभासी संगणकाच्या दोन प्रती एकाच वेळी चालू होतात आणि एकाच दप्तरात नोंदी करू लागतात. एका गटाच्या जमिनीवर दोन तलाठ्यांनी एकाच दिवशी परस्परविरोधी फेरफार धरावेत, तसा हा अनर्थ होय. काम थांबले तर ते पुन्हा सुरू करता येते. नोंदीच एकमेकींत मिसळून बिघडल्या, तर खरे कोणते हे शोधण्यात महिने जातात.

यावर दोन उपाय आहेत. पहिल्याचे नाव ग्रामपंचायतीच्या व सहकारी संस्थांच्या सभासदांना परिचित आहे. ते म्हणजे गणपूर्ती. समूहातील निम्म्याहून अधिक मते ज्या बाजूला असतील, तिनेच काम चालवावे. अल्पमतातील बाजूने स्वस्थ बसावे. म्हणूनच अशा समूहात मतांची संख्या विषम ठेवण्याचा प्रघात आहे. दोनच सर्व्हर असतील तर निर्णयापुरते तिसरे मत स्वतंत्र ठिकाणी ठेवतात. दुसऱ्या उपायाला संगणकशास्त्रात कुंपण घालणे असेच म्हणतात. ज्या सर्व्हरविषयी शंका आहे त्याची वीज दुरून तोडावयाची, किंवा सामाईक साठवणीकडे जाणारी त्याची वाट बंद करावयाची. आणि तसे झाल्याची खात्री पटल्यावरच ते काम दुसरीकडे सुरू करावयाचे. खात्री होईपर्यंत थोडा विलंब पत्करावा, पण दोन मुखत्यार होऊ देऊ नयेत, असा हा नियम आहे.

काम हलविण्याच्या तीन रीती

पहिली रीत पुनरारंभाची. एक सर्व्हर अकस्मात बंद पडला, की त्यावरील आभासी संगणक समूहातील दुसऱ्या सर्व्हरवर पुन्हा सुरू होतात. डिस्कवरील नोंदी शाबूत असतात. परंतु त्या क्षणी स्मृतीत असलेले अर्धवट काम जाते. कामाला काही मिनिटांचा खंड पडतो. याकरिता वरील आज्ञावलीही शिस्तीची असावी लागते. बँकेत एका खात्यातून पैसे वजा झाले आणि दुसऱ्यात जमा होण्यापूर्वी वीज गेली, तर काय? चांगली आज्ञावली प्रत्येक व्यवहार प्रथम रोजनाम्यात लिहिते आणि यंत्र पुन्हा सुरू होताच रोजनामा पाहून तो व्यवहार एकतर पूर्ण करते किंवा मुळातून रद्द करते.

दुसरी रीत चालू स्थितीतील स्थलांतराची. सर्व्हरचा एखादा पंखा मंदावला आहे, किंवा स्मृतीतील चुका वाढत आहेत, अशी पूर्वसूचना मिळाली, तर यंत्र पडण्याची वाट कशास पाहावयाची? चालू वही दुसऱ्या वहीत उतरवून घ्यावी, तसे हे काम चालते. नक्कल चालू असताना मूळ वहीत नव्या नोंदी होतच राहतात. मग तेवढ्या नोंदींची पुन्हा नक्कल होते. दर फेरीस उरलेला भाग लहान होत जातो. शेवटी दोनचार ओळी राहिल्या की मूळ वही क्षणभर मिटतात, त्या ओळी उतरवितात आणि पुढील लिखाण नव्या वहीत सुरू होते. हा क्षण सेकंदाच्या अंशाइतका असतो. खिडकीपुढे उभ्या माणसाला तो जाणवतही नाही. व्ही.एम.वेअर कंपनीने ही सोय 2003 साली साध्या सर्व्हरांवर उपलब्ध करून दिली. ती नियोजित दुरुस्तीसाठी वरदान ठरली आहे. मात्र यंत्र आधीच बंद पडले असेल, तर ती कामास येत नाही, कारण नक्कल करावयास मूळ वही उघडी असावी लागते.

तिसरी रीत जुळ्यांची. एकच आभासी संगणक दोन सर्व्हरांवर बरोबरीने चालवितात. एक पुढे, दुसरा क्षणभर मागे. जुळ्याची स्थिती जुळल्याची खात्री होईपर्यंत पहिला आपले उत्तर बाहेर जाऊ देत नाही. पहिला पडला तर दुसरा तेथूनच पुढे काम चालवितो. खंड जवळजवळ पडतच नाही. परंतु त्याचा खर्च दुप्पट आणि वेग कमी. शिवाय आज्ञावलीतच चूक असेल तर ती चूक दोघेही जुळे सारख्याच निष्ठेने करतात. म्हणून ही रीत थोड्या, अतिमहत्त्वाच्या कामांसाठीच राखून ठेवणे शहाणपणाचे होय.

राखीव बळ

या तिन्ही रीतींना एक गोष्ट सामाईक लागते, ती म्हणजे मोकळी जागा. समजा, समूहात चार सर्व्हर आहेत आणि प्रत्येक 75 टक्के भरला आहे. एक पडला, तर उरलेले तिघे 100 टक्के भरतात. म्हणजे काम कसेबसे निभावते, पण श्वास घ्यावयास जागा उरत नाही. प्रत्येक 90 टक्के भरलेला असेल, तर एकूण काम 360 आणि उरलेली शक्ती 300. काही कामे बंद ठेवावीच लागतील. सर्व्हरमधील मोकळी जागा पाहून कोणा हिशेबनिसाला ती उधळपट्टी वाटेल. परंतु ती गाडीच्या स्टेपनीसारखी आहे. आणि स्टेपनी एकदा वापरली की पंक्चर तातडीने काढून घ्यावे लागते. डिस्कच्या जोडरचनेत एक डिस्क गेली तरी काम चालते, म्हणून ती लाल दिवा दाखवीत तशीच पडून राहिली, तर दुसरी डिस्क जाण्याच्या दिवशी सारेच जाते.

बिघाड सोसण्याचा निराळा नमुना याच परिसरात, जुन्नर तालुक्यातील खोडद येथे पाहावयास मिळतो. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राने तेथे उभारलेल्या महाकाय रेडिओ दुर्बिणीला प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या आहेत. त्यांपैकी 14 मध्यभागी आणि उरलेल्या 16 तीन बाहूंवर पसरल्या आहेत. दोनदोन तबकड्यांच्या जोड्या लावून संकेतांची तुलना होते. 30 तबकड्यांच्या अशा 435 जोड्या होतात. एक तबकडी दुरुस्तीसाठी बंद ठेवली तर 29 तबकड्यांच्या 406 जोड्या उरतात. चित्र किंचित उणे होते, पण निरीक्षण चालू राहते.

सातबाराच्या कामात अशी किंचित उणीव चालत नाही. फेरफार एकतर नोंदला जातो, नाहीतर नोंदला जात नाही. ज्या कामाचे तुकडे करता येतात ते अनेक यंत्रांत विभागावे. ज्याचे तुकडे होत नाहीत, त्यास राखीव यंत्र द्यावे, असा विवेक येथे करावा लागतो.

एकाच दोरीवर भार नको

राखीव यंत्र ठेवले म्हणजे निर्धास्त झालो, असे मानणे घातक आहे. धरणे पाच असली तरी कालवा फुटला तर टोकाच्या शेतास पाणी मिळत नाही. सर्व्हरला वीजपुरवठ्याचे दोन भाग दिले, पण दोन्हींच्या पिना एकाच फलकावर खोवल्या. जाळ्याच्या दोन तारा घेतल्या, पण दोन्ही एकाच चरातून नेल्या. जुळे आभासी संगणक केले, पण दोघेही नजरचुकीने एकाच सर्व्हरवर बसविले. तर नावाला दोन आणि प्रत्यक्षात एक अशी स्थिती होते. म्हणून प्रत्येक जोडीविषयी विचारावे : या दोन्हींना एकदम बुडविणारी कोणती गोष्ट आहे?

त्या प्रश्नाचे सर्वांत मोठे उत्तर म्हणजे जागा. 21 जून 2012 रोजी मंत्रालयास आग लागली, तीत पाच जणांचे प्राण गेले आणि वरच्या मजल्यांवरील कार्यालये व नस्त्या भस्मसात झाल्या. एका छपराखाली सारे ठेवण्याचा धोका महाराष्ट्राने त्या दिवशी पाहिला. 10 मार्च 2021 रोजी फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथे संगणक केंद्राची एक इमारत जळाली; ज्या ग्राहकांच्या प्रती त्याच आवारात होत्या, त्यांतील काहींची माहिती कायमची गेली. 26 सप्टेंबर 2025 रोजी दक्षिण कोरियात डेजॉन येथील शासकीय संगणक केंद्रात बॅटऱ्यांना आग लागून 709 शासकीय प्रणाली थांबल्या. कर्मचाऱ्यांची कागदपत्रे साठविणाऱ्या एका प्रणालीतील 858 टेराबाइट माहितीची बाहेर प्रतच नव्हती. ती नष्ट झाली. तंत्रज्ञानात अग्रेसर असलेल्या देशाची ही कथा आहे.

येथेच सातत्य आणि प्रत यांतील भेद स्पष्ट केला पाहिजे. जुळा सर्व्हर यंत्राच्या बिघाडापासून वाचवितो; माणसाच्या चुकीपासून नव्हे. कोणी चुकून हजार नोंदी पुसल्या, तर जुळ्यावरही त्या त्याच क्षणी पुसल्या जातात. यास्तव कालची, गेल्या आठवड्याची, गेल्या महिन्याची अशा प्रती वेगळ्या ठेवाव्या लागतात. माहितीच्या तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यांतील एक दूरच्या ठिकाणी, असा सर्वमान्य दंडक आहे. तसेच प्रत्येक सेवेसाठी दोन आकडे आधीच ठरवावे लागतात : ती किती वेळात पुन्हा सुरू झाली पाहिजे आणि किती मिनिटांचे काम गमावणे परवडेल. हे आकडे ठरविणे केवळ तंत्रज्ञाचे काम नव्हे. कोणत्या सेवेवाचून लोकांचे किती अडते, हे तालुक्याच्या खिडकीवर बसणारा अधिक जाणतो.

तालीम आणि माणूस

सर्व व्यवस्था कागदावर उत्तम असूनही प्रसंगी ढासळते, कारण तिची तालीम झालेली नसते. राखीव जनित्र महिन्यातून एकदा चालविले नाही तर हवे तेव्हा ते चालेलच असे नाही. बॅकअपची प्रत एखाद्या वेळी परत उतरवून पाहिली नाही, तर ती प्रत आहे असे म्हणण्यात अर्थ नाही. कामकाजाच्या शांत दिवशी, सर्वांना कळवून, एक सर्व्हर मुद्दाम बंद करावा आणि काय होते ते पाहावे. त्यातून जे दोष उघडे पडतील ते स्वस्तात पडले असे समजावे.

आणि शेवटी, दूरच्या केंद्रातील सर्व्हर अखंड चालला तरी पावसाळ्यात भीमाशंकरच्या बाजूच्या वाड्यांची वीज किंवा जाळे जाणारच. सेवेची साखळी केंद्रापाशी संपत नाही. ती अर्जदाराच्या हातापाशी संपते. म्हणून खिडकीवर छापील अर्ज आणि पोच देण्याची वही असावी. संगणक बंद असताना आलेल्या अर्जाची तारीख तीच धरली जावी. आणि यंत्र सुरू होताच त्या नोंदी क्रमाने चढविल्या जाव्यात. यात गुंतागुंतीचे तंत्रज्ञान काहीच नाही. परंतु मुदतीच्या दिवशी आलेल्या माणसाचा हक्क त्याने वाचतो.

यंत्रे विकत आणता येतात आणि बदलताही येतात; नोंद हरवली, तर ती बाजारात मिळत नाही. ज्यांची भूमी लोकांच्या पाण्यासाठी बुडाली, त्यांचा हक्क पाच-सात वर्षे टिकणाऱ्या एखाद्या यंत्रावर अवलंबून राहू नये, एवढी काळजी घेणे हे शासनाचे व समाजाचे किमान कर्तव्य आहे. ती काळजी घेण्याचे ज्ञान आज उपलब्ध आहे. तिच्यासाठी लागतो तो थोडा राखीव खर्च आणि नेमाने केलेली देखभाल.